बाहीवरची बोटं

ता. १४, मंगळवार, सकाळ

चिरंजीव मोठ्यास, आईचे आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. आम्ही इकडे मजेत, तुम्हीही असालच. माझं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय, तेव्हा चष्मा लावून सावकाश वाच. सूनबाईच्या गुडघ्याला आराम पडला का? तिला म्हणावं, जिना चढताना घाई करू नकोस, वर कोणी ताटकळत बसलेलं नाही.

तुझ्या बहिणीकडे माझं छान चाललंय. तुझी भाची मला रोज तिच्या संग्रहालयात घेऊन जाते. जुनी चित्रं दुरुस्त करायचं तिचं काम. कापसाचा बोळा औषधात बुडवते, नखाएवढा भाग पुसते, की तो बोळा टाकून नवा. मी म्हटलं, "अगं, या वेगानं मी घर पुसलं असतं तर तुझा मामा अजून दारातच उभा असता!" हसून हसून तिच्या हातचा बोळा पडला.

तिथं एका राजाचं भिंतभर चित्र आहे. मिशा अशा की दोन्हीकडून पोरं लोंबकळतील. राजा एकटाच उभा, शेजारी लाल मखमली पडदा. पण त्याच राजाच्या नाण्यावर राजा-राणी दोघांचे चेहरे आहेत, म्हणून भाचीला शंका आली. दवाखान्यात हाडांचा काढतात तसला फोटो काढला त्या चित्राचा, तर पडद्याखाली बाई! राजा गेल्यावर मुलगा गादीवर बसला, त्यानं आईवर पडदा रंगवून घेतला, असं इथले जाणकार म्हणतात. का, ते कोणालाच ठाऊक नाही. असेल काहीतरी त्याच्या मनात.

परवा पडदा पुसताना आधी राणीचा हात निघाला, राजाच्या दंडावर ठेवलेला. मी तिथंच होते. इतका आनंद झाला की टाळ्याच वाजवल्या. मोठे साहेब धावत आले, त्यांना वाटलं काहीतरी फुटलं.

आता तुझ्या पत्राचं. "आई, तुझा एकटीचा एक चांगला फोटो काढून ठेव," असं लिहिलंस. कशासाठी, ते लिहिलं नाहीस. मी शाळेत फार गेले नाही, पण एवढी दूधखुळीही नाही.

राग नाही हं. तू पहिल्यापासून नीटनेटका. बाबा गेले तेव्हाही पाहुणे यायच्या आत आमच्या दोघांच्या फोटोतून त्यांना कात्रीनं वेगळं केलंस आणि भिंतीवर लावलंस. "जिवंत माणूस गेलेल्यांच्या ओळीत नको, आई," म्हणालास. घाबरला होतास, तेही माझ्यासाठीच. ते कळलं म्हणून मी गप्प बसले. पण बाबांच्या बाहीवर माझी बोटं तेवढी राहिली. जेवायला बसलं की समोर तीच. बोटांच्या मागे मी नाही.

उरलेली मी केराच्या टोपलीतून उचलली होती. कपड्यांच्या घडीत ठेवली, इकडे येताना बरोबर आणली. काल भाचीला दाखवली. ती म्हणाली, "आजी, जुळेल गं. पण सांधा दिसेल."

"दिसू दे," म्हटलं.

तर एकटीचा फोटो मी काढणार नाही. बाबांना भिंतीवरून उतरव, पुठ्ठ्यात नीट बांध आणि पाठव. नको, तूच घेऊन ये, पोस्टात वाकतील. जोडून झालं की दोघं मिळून घरी जाऊ आणि तो त्याच खिळ्यावर लावू, मी हिंडती-फिरती असताना. भीती वाटली तर मान वळवून बघ, मी शेजारीच जेवत असेन.

नाही आलास तरी माझं काही अडत नाही. राणीचं तोंड निघायचंय अजून, मला इथं बसायला खुर्ची आहे.

सूनबाईला गुडघ्याला शेक घ्यायला सांग.

तुझ्या बाबांच्या डाव्या हाताला बसलेली,
तुझी आई