रेघा मिळत नसताना तुम्ही हो का म्हणालात?

प्रिय बाबा,

तुम्हाला पत्र लिहायची माझी ही पहिलीच वेळ. तुम्ही होतात तेव्हा फोन होता, आणि तुम्ही गेलात त्याला आता आठ वर्षं झाली. आज लिहायला बसले त्याला कारण माझं कॉलेज. ते बंद होतंय. म्हणजे एका मोठ्या युनिव्हर्सिटीत 'सामावलं जातंय', असं प्रिन्सिपॉलनी फार गोड शब्दांत कळवलंय. सोबत जुन्या विद्यार्थ्यांसाठी एक फॉर्म आहे. सध्याचा पगार किती? इथल्या शिक्षणाचा खर्च वसूल झाला असं तुम्हाला वाटतं का? उत्तराला जागा दोन ओळींची, आणि फॉर्म शुक्रवारपर्यंत पोचायला हवा.

रीडिंगच्या ऑफिसातून घरी येताना ट्रेनमध्ये मी तो उघडला आणि मोठ्यानं हसले. समोरच्या गृहस्थांनी पेपर खाली करून माझ्याकडे पाहिलं. बाबा, हा तर तुमचा प्रश्न! ह्या लोकांना तो सुचायला इतकी वर्षं का लागली?

स्टॅनमोरच्या घरातली ती संध्याकाळ आठवते तुम्हाला? आईनं ताटं उचलली, तुम्ही टेबल पुसलंत आणि ब्रीफकेसमधून तुमचा तो कागद काढलात. ऑपरेशन चालू असताना दर पाच मिनिटांनी पेशंटची नाडी आणि ब्लडप्रेशर ठिपक्यांनी मांडायचा, बारीक चौकोनांचा. तुम्ही भूल देणारे डॉक्टर. आपल्या घरात वाणसामानाची यादीसुद्धा त्याच कागदाच्या पाठीवर व्हायची. हॉस्पिटलात एक चौकोन म्हणजे पाच मिनिटं. माझ्यासाठी तुम्ही आडवा एक चौकोन म्हणजे एक वर्ष आणि उभे चौकोन हातात येणाऱ्या पैशांचे असं ठरवलंत.

निळी रेघ फार्मसीची. लंडनमध्ये, घरी राहून, आईच्या हातचं जेवून. लाल रेघ माझ्या कॉलेजची. वेल्सच्या हद्दीजवळ, तीनशे विद्यार्थी आणि त्याच्या दसपट मेंढ्या; तीन वर्षं थोडं तत्त्वज्ञान, थोडा इतिहास, थोडं साहित्य आणि चवीपुरते आकाशातले तारे. फी इथलं कौन्सिल, म्हणजे नगरपालिका, भरणार होतं; पण राहण्याची मदत आईवडिलांच्या पगारावर ठरायची आणि तुम्ही पडलात डॉक्टर, त्यामुळे माझ्या राहण्याजेवणाचा सगळा भार तुमच्यावर. तो तुम्ही सुरुवातीलाच शून्याच्या खाली दाखवलात.

"हे बघ अनू. निळी इथून वर जाते. लाल सरपटते. प्रश्न एवढाच आहे, लाल निळीला गाठते कुठे?"

तुम्ही दोन्ही रेघा माझ्या वयाच्या अठ्ठावन्नपर्यंत ओढल्यात आणि पेन खाली ठेवलंत.

"अठ्ठावन्न का?" मी विचारलं.

"रिटायरमेंट."

"बाबा, ती मिरजेला! सरकारी नोकरीत! इथे बायका साठीला रिटायर होतात."

आई स्वयंपाकघरातून इतकी हसली की तिच्या हातातलं भांडं सिंकमध्ये पडलं. इतकी वर्षं इथल्या हॉस्पिटलांत काढून तुमची मुलगी निवृत्त व्हायची ती महाराष्ट्र सरकारातून! तुम्हीही हसलात. कागद तिथेच संपत होता, म्हणून तुम्ही सेलोटेप आणून दुसरा जोडलात, आणि साठीवर न थांबता हौसेनं सत्तरीपर्यंत गेलात.

रेघा मिळाल्या नाहीत. जवळही आल्या नाहीत. मी रडायच्या बेतात होते. तुम्ही दोन्ही कागदांची नीट घडी घातलीत, चष्मा काढलात, डोळे चोळलेत आणि म्हणालात, "बरं. जा."

का, बाबा? तुमचा एकही ठिपका कधी अंदाजे नसायचा. समोर स्वच्छ तोटा दिसत होता आणि तुम्ही 'जा' म्हणालात. मी तेव्हा का विचारलं नाही? भीती वाटली असेल, विचारलं तर तुम्ही परत कागद उघडाल.

इथल्या मराठी मंडळींच्या संक्रांतीच्या कार्यक्रमाला एका शाळेच्या थंडगार हॉलमध्ये साठेकाकांनी तुम्हाला गाठलंच. "डॉक्टर, अनू आर्ट्सला जाणार म्हणे? म्हणजे ड्रॉइंग वगैरे का? आमची हेमा फार्मसीला हं. जॉब गॅरंटीड!" तुम्ही तिळाची वडी तोंडात टाकलीत आणि म्हणालात, "आमचं काय होईल ते काहीच सांगता येत नाही." मला वाटलं, तुम्हाला माझी लाज वाटतेय. मी कोट घेऊन बाहेर जाऊन उभी राहिले.

मग रविवारचे फोन. कॉलेजच्या कॉरिडॉरमध्ये एकच फोन, मागे रांग, आणि तुमचा पहिला प्रश्न ठरलेला: "ह्या आठवड्यात काय शिकवलं?" 'कशी आहेस' हे आईचं खातं. मी सांगायची, आणि तुम्ही खोदत राहायचात. का? कशावरून? मग त्याचं पुढे काय? माझा अगदी जीव जायचा. मला वाटायचं, दिलेल्या पैशाचा माल बरोबर पोचतोय ना हे तुम्ही तपासताय. शनिवारी रात्री मी चक्क तयारी करून ठेवायची, जशी काही दुसऱ्या दिवशी तोंडी परीक्षा आहे.

एकदा मी तुम्हाला खोलीचं कोडं सांगितलं. एक माणूस खोलीत मजेत गप्पा मारत बसलाय. बाहेरून कुणीतरी कुलूप लावलंय, पण ते त्याला माहीत नाही. तर मग तो आपखुशीनं बसलाय की अडकलाय? मग तुम्ही विचारलंत, "त्यानं एकदा तरी उठून दार उघडून पाहिलं का?" माझ्या मागच्या मुलीनं तेवढ्यात माझ्या खांद्यावर टकटक केलं. मी काय उत्तर दिलं ते मला आठवत नाही.

आता जे लिहायचंय ते लिहायला मी सकाळपासून टाळाटाळ करतेय. दोनदा चहा केला.

कॉलेज संपलं आणि मला एका छोट्या गावातल्या म्युझियममध्ये काम मिळालं. जुन्या घड्याळांखाली लावायच्या पाट्या लिहायचं. मी किती खूश होते! रविवारी फोनवर तुम्हाला सांगितलं, आणि तुम्ही विचारलंत, "पगार किती?" अभिनंदन नाही, कुठलं म्युझियम नाही. पहिला प्रश्न, पगार किती. तीन वर्षं साठलेलं सगळं माझ्या तोंडून बाहेर पडलं. "बाबा, तुम्हाला आयुष्यात फक्त तेवढंच कळतं!" असं म्हणून मी फोन आपटला.

गुरुवारी तुम्ही हॉस्पिटलच्या कार पार्कमध्ये कोसळलात. आईचा फोन म्युझियममध्ये आला तेव्हा माझ्या हातात एका घड्याळाची अर्धी लिहिलेली पाटी होती.

बाबा, आठ वर्षं मी हे कुणाला सांगितलं नाही, आईलासुद्धा नाही. आपली मुलगी तोट्यात गेली आणि वर आपल्यालाच क्षुद्र समजते, हे मनात घेऊन तुम्ही गेलात, असं मला वाटत राहिलं. ह्या फॉर्मवरच्या दोन ओळी म्हणून तर लिहवत नव्हत्या.

मग मी तुमचंच काम केलं. ग्राफ पेपर आणला आणि साठेकाकांच्या हेमाला फोन लावला. तिची आता स्वतःची दोन केमिस्टची दुकानं आहेत. दरवर्षी किती मिळत गेलं ते विचारलं तर म्हणाली, "अगं, व्हाय डू यू वाँट ऑल दॅट? सेम तुझ्या बाबासारखी करतेस!" पण सांगितलंन सगळं, बिचारीनं. मी तिची निळी रेघ काढली आणि माझी लाल: आधी म्युझियम, मग रीडिंगची ही सॉफ्टवेअर कंपनी, जिथे मी मशीन कसं वापरायचं ते माणसांना कळेल असं लिहिते. पगार वाईट नाही हं. पण तुमचा अंदाज तंतोतंत. लाल अजून सरपटतेच आहे, आणि दोघींमधल्या अंतरात स्टॅनमोरला एखादा फ्लॅट सहज आला असता.

म्हणजे तुम्ही चुकला नव्हतात. मग तर माझं कोडं आणखीच वाढलं. ज्याला तोटा इतका बरोबर दिसतो तो माणूस 'जा' का म्हणतो?

काल आईला विचारलं. तिनं आधी माझ्या जेवणाची चौकशी पूर्ण केली.

"तुला ठाऊक नाही? अगं, आमचापण एक कागद होता. मिरजेला असताना ह्यांनी केलेला. इंग्लंडला यायचं, फेलोशिप करायची, सेव्हिंग करायचं आणि परत. इथे येण्याचा खर्च भरून निघून पाचव्या वर्षी रेघा मिळत होत्या."

"मग? मिळाल्या नाहीत?"

"मिळाल्या की! बरोब्बर पाचव्या वर्षी. ह्यांनी मला बँकेचं स्टेटमेंट दाखवलं आणि म्हणाले, आता? तेवढ्यात तुझी शाळा सुरू झाली, मग मॉर्गेज, मग कन्सल्टंटची, सगळ्यात वरची पोस्ट आज मिळेल उद्या मिळेल. ती काही मिळाली नाही. राहिलो आपले."

"पण मला का जा म्हणाले?"

"त्या रात्री मीपण तेच विचारलं. म्हटलं, रेघा मिळत नाहीयेत आणि तुम्ही पोरीला पाठवताय? तर म्हणाले, माझा हिशोब बरोबर आला, तरी मला काय मिळालं ते मला आजतागायत सांगता येत नाही. हिचा चुकू दे. बघू तरी काय होतं!"

'बघू तरी काय होतं!' साठेकाकांना तुम्ही जे सांगितलंत ते लाज झाकायला नव्हतं तर. तुम्हाला खरोखर ठाऊक नव्हतं, आणि ते ठाऊक नसणं तुम्हाला आवडलं होतं. इतकं सोपं होतं तर मला का नाही सांगितलंत हो?

मग मी आईला ते सांगितलं. शेवटच्या फोनचं. वाटलं, ती रडेल. ती म्हणाली, "मॉरीनला रिंग कर. दर ख्रिसमसला कार्डात लिहिते, अनूला एकदा भेटायचंय म्हणून. तुला मी सांगितलं होतं, तू कधी मनावर घेतलंस?"

मॉरीन, तुमच्या ऑपरेशन थिएटरमधली आयरिश सिस्टर. आता रिटायर झाली आहे. मी नाव सांगताच म्हणाली, "ओ, द संडे गर्ल!"

बाबा, तिनं जे सांगितलं ते तुमच्या तोंडून ऐकायला मी काय वाटेल ते दिलं असतं. बाकीचे डॉक्टर भूल देताना पेशंटला दहापासून उलटे आकडे म्हणायला लावायचे. तुम्ही तसं कधीच करायचा नाहीत. तुम्ही सुई टोचता टोचता त्यांना माझे प्रश्न विचारायचात! रविवारी माझ्याकडून घेतलेला प्रश्न सोमवारी थिएटरमध्ये. पेशंट उत्तर शोधता शोधता झोपून जायचा, आणि जागा झाला की तुम्ही खाटेशी हजर: "तर मग, काय वाटतं तुम्हाला?" खोलीचं कोडं म्हणे तीन आठवडे चाललं. सर्जन कंटाळले, तरी तुमचं चालूच.

एवढं सगळं झोपेतल्या लोकांना सांगितलंत, बाबा, आणि मला एका शब्दानं नाही? ह्याचा मला राग आला. खूप आला, आणि खूप हसूही आलं.

"ही वॉज नेव्हर चेकिंग ऑन यू, लव्ह," मॉरीन म्हणाली. "त्यांना फक्त ऐकायचं असायचं. आठवडाभर रविवारची वाट बघायचे."

मग मी धीर करून विचारलं, त्या शेवटच्या आठवड्यात ते कसे होते? उदास होते का?

उदास? ती म्हणाली, छे. मंगळवारी हर्नियाचा एक पेशंट होता, रिटायर्ड पोस्टमन. तुम्ही त्याला विचारलंत, "माझी मुलगी म्हणते, मला आयुष्यात फक्त पगार तेवढा कळतो. खरं असेल का?" तो उत्तर न देताच झोपला. पण जागा झाल्यावर त्यानंच तुम्हाला विचारलं, "डॉक्टर, पण तिला पगार आहे तरी किती?" तुम्ही इतके हसलात की मॉरीनला तुमच्या हातातला चार्ट धरावा लागला. आणि मग म्हणालात, "सांगितलाच नाही तिनं. रविवारी परत विचारतो."

रविवारी परत विचारतो. बाबा, तुम्ही रागावलाच नव्हतात! तुम्हाला दुखवून पाठवलं म्हणून मी आठ वर्षं स्वतःला खात राहिले, आणि तुम्ही पुढच्या रविवारची तयारी करत होतात.

फॉर्म आज पोस्टात टाकला. पगाराच्या चौकटीत खरा आकडा लिहिला. खालच्या दोन ओळींत इतकंच: 'पैशांत वसूल झालं नाही, आणि होणार नाही हे आम्हाला पहिल्या दिवशीच माहीत होतं. बाकीचं सगळं माझ्या वडिलांनी दर रविवारी वसूल केलं.' त्यांना कळेल न कळेल.

एक वचन देते, बाबा. इथून पुढे कुणी मला काही विचारलं, कितीही साधं, कितीही टोचणारं, तर त्या माणसाला खरंच जाणून घ्यायचं असेल असं मी आधी धरून चालेन. आणि फोन ठेवणार नाही.

म्युझियमचा पगार सहा हजार आठशे पौंड होता, बाबा. वर्षाला.

तुमची
अनू