'लेफ्ट'चा जुना अर्थ

भुईगाव, गुरुवार, संध्याकाळ

फिजिओथेरपी द्यायला घरी येणारी स्नेहल आज स्पष्टच बोलली. "आँटी, अंकलचा लेफ्ट हात आता याहून फार सुधारणार नाही. मी आठवड्यातून एकदा आले तरी चालेल." पक्षाघाताला आठ महिने झाले. मलाही दिसत होतंच, तरी कोणी तोंडाने म्हणू नये असं वाटत होतं.

माझा नवरा पास्कल डावखुरा. केळीच्या वाडीतलं सगळं काम त्याच हाताने केलेलं. आता तो हात उशीवर ठेवला की तिथेच पडून राहतो.

ती गेल्यावर मी जाडा शब्दकोश काढला. कशासाठी, कोण जाणे. 'लेफ्ट' म्हणजे डावा, आणि 'लेफ्ट' म्हणजे सोडून गेला, हे तीस वर्षं शाळेत शिकवलं. पण डाव्याला लेफ्ट का म्हणतात, हे कधी पाहिलंच नाही. जुन्या इंग्रजीत त्या शब्दाचा अर्थ होता दुबळा. डावा हा अर्थ नंतर आला.

"काय वाचतेस एवढं?" पास्कलने विचारलं.

खोटं सांगायला हवं होतं का? मी खरं तेच सांगितलं.

तो उशीवरच्या हाताकडे बघत राहिला. मग म्हणाला, "माझा कोयता कोणाला तरी देऊन टाक."

"त्याला डाव्या हाताची धार आहे. कोण वापरणार?"

"मग भंगारात घाल."

नाही म्हणायला हवं होतं. मी म्हणाले, "बरं."