शेवटचे दहा फेरे

प्रिय बाबा,

आत्याकडची खाट तुम्हाला आखूड पडत असेल. पायांशी स्टूल मागून घ्या. आत्या म्हणते, माझा फोन आला की तुम्ही अंघोळीला जाता. काल चार अंघोळी झाल्या म्हणे. म्हणून पत्र.

आठ वर्षांची असताना मी तुमचा डबा घेऊन व्हॉल्व्हच्या खोलीत यायचे. टेकडीवरच्या टाकीपासून सहा किलोमीटर नळातून आलेलं पाणी तुम्ही तिथे चाक फिरवून थांबवायचात. साठ फेरे. फिरवणं तुमचं, मोजणं माझं. शेवटच्या दहांत मात्र प्रत्येक फेऱ्यानंतर मला वीसपर्यंत मोजायला लावायचात. पाणी तुझ्या आजीसारखं आहे, म्हणायचात, चालता चालता एकदम थांब म्हटलं की घर डोक्यावर घेतं.

कॉलेजात पहिल्याच आठवड्यात मी फळ्यावरून उतरवून घेतलं, की पाणी दाबलं जात नाही असं आपण मानू. मानलेलं होतं, हे मी पुढे विसरले.

त्या दुपारी पुढचा मीटर बदलायचा होता. फिटरकाका आधीच शेजारच्या खड्ड्यात उतरले होते आणि तिथूनच तुम्हाला ओरडत होते, की मुलगी इंजिनिअर झाली, आता तरी चहा पाजा. मी म्हटलं, बाबा, आज मी बंद करते. पन्नासाव्या फेऱ्याला तुम्ही म्हणालात, आता हळू. मी हसले. पाणी काय स्पंज आहे का दाबायला, म्हटलं, आणि उरलेले दहा फेरे दहा सेकंदांत संपवले.

पहिल्या पन्नास फेऱ्यांत प्रवाह फारसा कमी होत नाही. तो तुटतो शेवटच्या दहांत. पाणी अडल्याची खबर टाकीपर्यंत जाऊन परत यायला साधारण बारा सेकंद लागतात. त्याच्या आत बंद केलं की मागून येणारं पाणी खरोखर दाबलं जातं, आणि दीडशे मीटर उंच पाण्याच्या स्तंभाइतका दाब नळावर येतो. हे गणित मला येत होतं, परीक्षेत पूर्ण गुण होते. तुम्हाला येत नव्हतं, आणि एकतीस वर्षांत तुमच्या हातून नळ एकदाही फुटला नाही.

खड्ड्याजवळचं नळाचं वळण फुटलं. लोक धावत आले तेव्हा मला बाजूला सारून तुम्ही चाक धरलं होतंत. माझ्या हातून झालं, म्हणालात. मी गप्प राहिले. त्याला आज तीन आठवडे झाले.

नंतर साहेबांना खरं सांगितलं. त्यांनी मला पाणी दिलं आणि म्हणाले, कुठलीही मुलगी हेच म्हणेल. दवाखान्यात फिटरकाकांकडे गेले. गुडघ्याखाली चादर सपाट होती. मी तोंड उघडायच्या आत ते म्हणाले, बाबांना सांग, मला राग नाही. मी न सांगताच परत आले.

मग ऑफिसातले दाबाच्या नोंदीचे गोल कागद काढले. अकरा वर्षांचे, चार दिवस बसून. तुम्ही बंद केलंत तिथे तिथे शाईची रेघ तशीच अलगद वळून चढते. तुमची सहीसुद्धा इतकी सारखी येत नाही. त्या दुपारची रेघ टाचणीसारखी उभी आहे. तो हात तुमचा नाही, हे कुणालाही दिसेल. पण तो माझा होता, हे कागदावरून कळत नाही.

कागद आणि माझा सही केलेला जबाब मी चौकशी समितीकडे दिला आहे. सोमवारी अकरा वाजता ते तुम्हाला एकच प्रश्न विचारतील, चाकावर कोण होतं. तुम्ही पुन्हा स्वतःचं नाव घेतलंत तर मी सुटेन, आणि फिटरकाका जन्मभर तुम्हाला माफ करत राहतील. ते मला सोसणार नाही, बाबा. मी हात जोडते, माझं नाव सांगा. घाई नाही, सावकाश सांगा. मी शेजारी उभी राहून मोजत असेन.

तुमचीच,
धाकटी