पहिल्या खेपेला दोनच आंबे

अप्पा,

मी आता आंबे विकते. हे तुम्हाला कोणी सांगितलं असतं तर तुम्ही हातातला अडकित्ता खाली ठेवून हसला असता. कचेरीत पंचवीस वर्षं फायली सरळ करणारी, दारात आलेल्या माणसाला बसा म्हणायच्या आधी ‘काय काम आहे?’ विचारणारी तुमची मुलगी गिऱ्हाइकं करते, आणि तीही त्यांचं तोंड न बघता. ही माणसं मला ईमेलवर भेटतात. ईमेल म्हणजे पत्रच. संगणकावर टाइप करायचं आणि पाठवायचं. तिकीट नाही, पोस्टमन नाही, वाचणारा मस्कतला असो की नागपूरला, क्षणात त्याच्यापुढे हजर. एवढं कळलं की पुढचं सगळं तुमच्या ओळखीचं आहे. माझ्याच ते ओळखीचं नव्हतं.

तुम्ही गेल्यावर बाग व्यापाऱ्याला जाईल असं सगळेच धरून चालले होते. काही वर्षं मी नोकरी सांभाळून ती कशीबशी राखली. मग सहस्रक उलटून दोन-तीन वर्षं झाल्यावर स्वेच्छानिवृत्ती घेतली आणि धाकट्याला मुंबईला फोन करून सांगितलं, की माल वाशीच्या दलालाकडे न पाठवता आपण आपल्या नावाने थेट घरोघरी पाठवू. तो म्हणाला, “ताई, एक मोसम देतो तुला. शिमग्यापर्यंत मागण्या आल्या तर ठीक. नाहीतर बाग कराराने. मला दर वर्षी ही डोकेदुखी नको.” बाग कराराने गेली की काय होतं ते तुम्हाला सांगायला नको. झाडांवर औषधं ओततात, कोवळी फळं उतरवतात, चार बागांचा माल एकत्र करतात आणि पेटीवर आपल्या बागेचं नाव छापतात. जयगडच्या वाटेवरच्या त्या कातळात सुरुंग लावून तुम्ही एकेक खड्डा केलात, बाहेरची माती आणून भरलीत, आणि त्या नावाने कोणीतरी कोवळा आंबा विकणार, हे मला सहन होणारं नव्हतं. माझ्या दृष्टीने प्रश्न एवढाच होता.

भावजय मुंबईला संगणकाच्या कंपनीत होती. तिने बागेची वेबसाइट करून दिली. वर एक फोटो, खाली चार ओळी, आणि ‘यंदाच्या आंब्याची खबर हवी असल्यास आपला ईमेल पत्ता लिहा’ असा एक चौकोन. दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत त्या चौकोनात दोनशेच्या वर पत्ते जमले. एस.टी. स्टँडजवळच्या सायबर कॅफेत बसून मी ते बघितले आणि मला वाटलं, झालं काम. दोनशे पत्ते म्हणजे दोनशे गिऱ्हाइकं. मी त्यांना एक मेल पाठवला. पेटीचा दर, पेटीतले डझन, आगाऊ रक्कम कुठे भरायची, शेवटची तारीख, आणि तळाला ठळक अक्षरांत: उशिरा आलेल्या मागणीचा विचार केला जाणार नाही. पंधरा दिवस कोणी हूं की चूं केलं नाही. मी स्मरणपत्र पाठवलं, पहिल्याहून कडक. तेव्हा मात्र उत्तरं आली. बहुतेकांनी लिहिलं होतं, आमचं नाव यादीतून काढा. पुण्याच्या एका म्हाताऱ्या गृहस्थांनी लिहिलं होतं, “बाई, आपली अजून ओळखही नाही. पहिल्याच पत्रात दटावता कशाला?” भावजयीला मी हे फोनवर वाचून दाखवलं, तर ती हसत सुटली. “ताई, ते काय तुमच्या कचेरीतले शिपाई आहेत? त्यांनी खबर मागितली होती. तुम्ही नोटीस पाठवलीत.”

मी फोन आपटला. त्या रागात घरी आले, पडवीत बसले आणि तुम्ही आठवलात.

तुम्ही पडवीच्या टोकाला बसलेले आहात. मागे खोलीत भाताच्या पेंढ्यावर आंब्यांची अढी लावलेली आहे आणि तिचा वास पार पायवाटेपर्यंत जातो आहे. एक नवा माणूस येतो, पेटी मागतो. तुम्ही त्याला पाणी देता, गूळ देता, कुठले काय विचारता, आणि मग म्हणता, “पहिल्यांदा आलात ना? मग आज पेटी नको. आज दोन न्या. एक उद्या कापा, एक चार दिवसांनी. मग सांगा कुठला आवडला.” दोन आंब्यांचे पैसे तुम्ही घेत नाही. माणूस गोंधळतो, क्वचित चिडतोही. मी उंबऱ्यात उभी असते आणि मनात म्हणते, आलेलं गिऱ्हाईक कोणी परत पाठवतं का? मी कॉमर्सला होते, मला धंदा कळत होता. त्याहून मला राग यायचा तो तुमच्या पुढच्या बोलण्याचा. तो माणूस परत आला, की पेटी बांधायच्या आधी तुम्ही त्याला साका सांगायचात. “हापूस आहे, शंभरातला एखादा आतून पांढरा निघणार. स्पंजासारखा, आंबट. त्याला आम्ही साका म्हणतो. बाहेरून तो मलाही कळत नाही. निघाला तर मला सांगायचं, मनात ठेवायचं नाही.” स्वतःच्या मालाची खोड आपणहून सांगणारा दुसरा बागवाला मी आजतागायत बघितलेला नाही.

आणि ती मे महिन्यातली गोष्ट. तुम्ही आंजर्ल्याला लग्नाला गेला होतात. मी सुट्टीवर घरी होते. रस्त्याच्या कामावर आलेले एक इंजिनियर जीप थांबवून आत आले, पाच डझनांची पेटी मागितली, मी दिली. पाच मिनिटांत काम. संध्याकाळी तुम्ही आलात तेव्हा मी ऐटीत सांगितलं. तुम्ही टोपी काढता काढता विचारलंत, “अढी कशी लावायची ते सांगितलंस त्यांना?”

“त्यांनी विचारलं नाही.”

“त्यांस काय माहीत, काय विचारायचा ता?”

दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीने तुम्ही मला घेऊन रत्नागिरीला निघालात. तुमच्या काखेत पेंढ्याची पेंडी होती आणि एस.टी.तली माणसं विचारत होती, “काय अप्पा, शहरात म्हस घेतलात की काय?” तुम्ही त्यांना हसून उत्तर देत होतात; मी खिडकीबाहेर बघत होते. सरकारी विश्रामगृहात त्या इंजिनियरांच्या पत्नीने आंबे लोखंडी कपाटात कुलूप लावून ठेवले होते, कारण खानसामा खाईल अशी तिला भीती. तिथे ते दोन दिवसांत घुसमटून सडले असते. तुम्ही परवानगी मागितलीत, खाटेखाली वाकलात, पेंढा पसरलात आणि एकेक आंबा हातात घेऊन, बघून, एकाच थरात मांडलात. “हे ह्या बाजूचे सोमवारी. हे मधले गुरुवारी. हा एकटा मागे राहील, त्याला घाई करू नका.” तास गेला. ती बाई आधी दारात उभी होती. मग जमिनीवर तुमच्या शेजारी बसून आंबे हातात देऊ लागली. परतताना जयगडच्या वाटेवरच्या खंडाळ्याचा चढ लागल्यावर तुम्ही म्हणालात, “बाय, तू काल पेटी विकलीस. आंबा त्यांस आज मिळाला.” एवढंच. आवाज चढवला नाहीत. मी आयुष्यात पुष्कळांना झापलं आहे, पण त्या वाक्याइतकं खोल कोणाला झापणं मला जमलेलं नाही.

ती इंजिनियरीण पुढे अकरा-बारा वर्षं, बदलीच्या प्रत्येक गावाहून तुम्हाला पत्र टाकून पेट्या मागवत होती. हे मला ठाऊक होतं. पत्र आलं की वाचून मीच दाखवायची. पण त्या पत्रांचा त्या तासाशी काही संबंध आहे, हे माझ्या डोक्यात शिरायला ते दोन कडक मेल वाया जावे लागले.

मग मी पुन्हा सायबर कॅफेत गेले. यादीत उरलेल्या लोकांना पहिल्यांदा फक्त मोहोराचं लिहिलं. यंदा थंडी उशिरा पडली, खालच्या अंगाची झाडं आधी मोहोरली, वरची अजून पालवीत आहेत. दर लिहिला नाही. लिहिताना बोटं शिवशिवत होती, तरी लिहिला नाही. आठ दिवसांनी दुसरं पत्र: फ्लॅटमध्ये अढी कशी लावायची. फ्रिजमध्ये कच्चा आंबा का घालायचा नाही. एकावर एक का रचायचे नाहीत. आता मात्र उत्तरं यायला लागली आणि त्यांत प्रश्न होते. पेंढा कुठून आणू? खाटेखाली झुरळं आहेत, चालेल का? मुलगा थांबत नाही, काय करू? प्रत्येकाला मी वेगळं उत्तर दिलं. कॅफेचा मालक म्हणाला, “काकी, एकच लिहा आनी सगल्यांना मारा ना.” मी त्याला सांगितलं, तू तुझं मशीन बघ. पेंढ्याच्या प्रश्नावरून ठरवलं, की प्रत्येक पेटीबरोबर पेंढा आपणच द्यायचा.

तिसरं पत्र साक्याचं होतं. पाठवायच्या आधी भावजयीला दाखवलं. तिचा फोन आला. “ताई, धंदा करायचाय की घालवायचाय? जगात कोणी असं लिहितं का?” मी म्हटलं, एक जण सांगायचा. तिने तुम्हाला फक्त फोटोत बघितलं आहे. तुम्ही सांगायचात तसंच लिहिलं, एक शब्द इकडचा तिकडे न करता. चौथ्या पत्रात दर लिहिला, आणि पहिल्यांदा घेणाऱ्याला दोन डझनांच्यावर देणार नाही असंही लिहिलं. तुमच्यासारखे दोन आंबे फुकट नागपूरला कसे पाठवणार? दोन डझनांवर भागवलं.

शिमग्याला धाकटा आला तो बागा कराराने घेणाऱ्या व्यापाऱ्याला घेऊनच. पालखी गावात होती, ढोल ऐकू येत होते आणि हे दोघे आपल्या पडवीत चहा पीत होते. मी कागदांचा गठ्ठा आणून पुढे ठेवला. व्यापाऱ्याने नेमकं साक्याचं पत्र उचललं आणि मोठ्याने वाचलं. “आयला, ताई! गिऱ्हाइकाला घाबरवताव की आंबं विकताव?” धाकटा हसला. हसता हसता त्याने त्याच्याखालचे कागद उलटले. ते साक्याच्या पत्रानंतर आलेले मेल होते. नागपूरच्या एका बाईंनी लिहिलं होतं, की इतकी वर्षं पांढरा आंबा निघाला की दुकानदाराने फसवलं म्हणून चरफडत होते. खरं काय ते पहिल्यांदाच कोणी सांगितलं, दोन डझन पाठवा. पुण्याचे म्हातारे गृहस्थ लिहीत होते, “आता ओळख झाली. दोन डझनच का? असो. तुमचा नियम.” धाकटा वाचत गेला. त्याचं हसू कधी गेलं ते मला कळलं नाही. शेवटी व्यापाऱ्याला म्हणाला, “यंदा राहू दे. ताई बघतेय.” मागण्या निम्म्या बागेला पुरतील एवढ्याच होत्या, निम्मा माल त्या वर्षी वाशीलाच गेला. पण दुसऱ्या वर्षी त्याच लोकांनी न विचारता पाच-पाच डझन मागितले, शेजाऱ्यांचे पत्ते दिले, आणि कराराचा विषय घरात निघाला नाही.

तेव्हापासून चार मोसम झाले. नवा पत्ता आला की ही पत्रं त्याच क्रमाने जातात. परवा कृषी मेळाव्यात मला भाषणाला उभं केलं होतं. नव्या माणसाला गिऱ्हाईक कसं करायचं, असा विषय होता. मी तुमचं नाव घेतलं. खाटेखालचा तो तास सांगितला. लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि मी मान ताठ ठेवून खाली बसले.

आता जे सांगायला बसले होते ते सांगते. यंदा चैत्रात ऊन विलक्षण तापलं. कातळाची धग झाडांना खालून लागत होती. बागेत कामाला येणारी नेपाळी माणसं उशिरा आली, त्यामुळे तोडणी आठवडाभर लांबली आणि फळ झाडावर जास्त पिकत गेलं. अशा वर्षी साका शंभरात एकावर थांबत नाही हे तुम्हीच मला शिकवलं आहे. घरी चिरलेल्या डझनात तीन निघाले. आणि यंदा नवे पत्ते पूर्वी कधी नव्हते इतके आले होते. साक्याचं पत्र मी लिहिलं, खरा आकडा घालून लिहिलं, आणि पाठवलं नाही. चौथं पत्र पाठवलं. सगळी दोन-दोन डझनं दोन दिवसांत संपली. नव्या लोकांनी एवढ्या भराभर कधीच घेतलं नव्हतं.

पेट्या पोचल्या आहेत. अढी लावल्याचे मेलही आले आहेत. एकाने खाटेखालचा फोटो पाठवला आहे. रविवारपर्यंत ते आंबे चिरतील. आज शुक्रवार, आणि साक्याचं पत्र अजून संगणकात तसंच पडून आहे. हे तुम्हाला पोचणार असतं, अप्पा, तर मी आधी ते पाठवलं असतं आणि मगच तुम्हाला लिहायला बसले असते.