वहीची उजवी बाजू

आबा, तुम्हाला मी कधी पत्र लिहिलं नाही. दौंडात एकाच क्वार्टरमध्ये राहत होतो तेव्हा लिहायचं कारण नव्हतं, आणि इकडं कॅनडात आल्यावर फोन होता. फोनवर तुम्ही थंडी किती आहे ते विचारायचात, मी सांगायची, तुम्ही "लई झालं की" म्हणायचात आणि फोन आईच्या हातात द्यायचात. आपल्या दोघांतलं खरं बोलणं त्याच्या बरंच आधी संपलं होतं, आणि ते मी संपवलं होतं. आज लिहायला बसले, कारण या आठवड्यात आमच्या कारखान्यातनं जुन्या प्रवासी डब्यांची शेवटची गाडी भंगारात गेली. माझ्या जन्माआधी बांधलेले डबे होते ते. त्यांच्या जागी नव्या गाड्या आणायच्या, हेच गेली चार वर्षं माझं काम. निरोपाला केक कापला. लोक टाळ्या वाजवत होते आणि मी बशी हातात धरून डब्याखाली वाकून बघत होते, तुमच्यासारखी. इथल्या लोकांना ती गंमत वाटली. मला वाटली नाही.

तुम्ही दौंडच्या यार्डात डब्यांचे फिटर होता, आणि घरी आल्यावरही फिटरच असायचात. रॉकेलनं हात पुसायचे, मग साबणानं धुवायचे, मग स्वयंपाकघरात पाटावर बसायचं आणि आई भाकरी थापत असताना मला काहीतरी शिकवायचं. मी चौथीत असेन. तुम्ही पितळी पेला तोंडाला लावता, आतली हवा ओढून घेता आणि हात सोडता. पेला तसाच हनुवटीला चिकटून लोंबकळतोय. आई म्हणते, पोरीपुढं हे काय माकडचाळे. तुम्ही तोंड जरा उघडता, पेला खणकन फरशीवर पडतो, आणि तुम्ही म्हणता, "हवा वढून घेतली तवर गाडी मोकळी. हवा आत शिरली की पेला पडला. पेला पडला म्हंजी ब्रेक लागला." म्हणून गाडी मधनंच तुटली, नळी फाटली, तरी हवा आत शिरते, ब्रेक लागतो आणि माणसं वाचतात, हे तुम्ही मला समजावलं होतं. मी ती सगळी संध्याकाळ पेला पाडत बसले. त्याच्या काठाला त्या दिवशी आलेला पोचा अजून आहे. पुढं इंजिनियरिंगला गेले तेव्हा सरांनी फळाभर गणितं मांडली, आणि मला त्यातलं एकच कळलं, की हे आबांच्या पेल्याबद्दल चाललंय.

कॉलेजला मी दौंडहून पुण्याला शटलनं जायची, तुमच्याच हाताखालनं गेलेल्या लाकडी बाकांच्या डब्यांतून. आदल्या दिवशी तुम्ही सांगून ठेवायचात की इंजिनापासनं चौथ्या डब्यात बस, त्याचं काम नीट झालंय. मैत्रिणी दुसरीकडं जागा धरून हाका मारायच्या, आणि मी चौथ्या डब्यात उभी. तुमची कामाची पद्धतही मला पाठ होती. विडीच्या बंडलाचा पातळ कागद खिशात असायचा. नळीच्या जोडाशी तो धरायचा. आतून हवा ओढली जात असते, त्यामुळं जोड गळका असला की कागद तिथं चिकटतो. चिकटला नाही तर जोड चांगला. असे तीस वर्षं तुम्ही जोड तपासले आणि तुमच्या कागदानं कधी दगा दिला नाही.

मग शटलचे डबे बदलायचं ठरलं. नवे डबे वेगळ्या ब्रेकचे. हवा ओढून घ्यायची नाही, उलट दाबून भरायची. तुम्हाला प्रशिक्षणाला पाठवलं. तिथं शिकवणारे हिंदीत बोलायचे आणि पुस्तक इंग्रजीत होतं. तुम्ही परत आलात ते पुस्तक वर्तमानपत्राचं कव्हर घालून, आणि एक दोनशे पानी वही घेऊन. वहीच्या प्रत्येक पानावर मधोमध पट्टीनं रेघ मारली होती. डाव्या बाजूला तुमच्या बाळबोध अक्षरात प्रश्न, उजवी बाजू कोरी. ती माझ्यासाठी. मला पुण्यात नुकतीच नोकरी लागली होती, रविवारी घरी यायची. तुम्ही वही माझ्या टेबलावर ठेवलीत आणि जरा अवघडून म्हणालात, "तुला सवड झाली की एवढं मराठीत लिहून दे. परीक्षा हाय. माझ्या हाताखाली शिकलेल्या पोरांना कसं इचारू?" मी म्हटलं, बघते.

पुढच्या रविवारी तुम्ही विचारलंत, झालं का गं थोडं. मी म्हटलं, आबा, वेळच मिळत नाही. त्याच्या पुढच्या रविवारीही तेच. तिसऱ्या रविवारी तुम्ही विचारलं नाहीत, नुसतं टेबलाकडं बघून गेलात. त्यानंतर कधीतरी वही टेबलावरून गेली आणि मला ते लगेच कळलंसुद्धा नाही. मला वाटलं, बरं झालं.

त्याच महिन्यात ते झालं. नव्या डब्यांची गाडी तुमच्याकडं तपासायला आली. तुम्ही सवयीनं खिशातला कागद काढलात, जोडाजोडाशी धरलात. कागद कुठंच चिकटला नाही. तुम्ही गाडी पास केलीत. पण नव्या ब्रेकात गळका जोड कागद ओढत नाही, उडवतो, आणि कागद फडफडला तो तुम्हाला वाऱ्यानं वाटला. गाडी सुटायच्या वेळी हवेचा दाब टिकेना. गाडी खोळंबली, लोक खाली उतरून बघायला लागले, आणि तुमच्याहून वीस वर्षांनी लहान साहेबानं सगळ्यांसमोर तुम्हाला विचारलं की विडीच्या कागदावर किती दिवस रेल्वे चालवणार. हे तुम्ही घरी सांगितलं नाहीत. शेजारच्या क्वार्टरमधून आईला कळलं, आईकडून मला.

त्या रविवारी तुम्ही पाटावर बसला होता आणि ताटातलं चिवडत होता. मी तुमची बाजू घ्यायला हवी होती. मला तुमचाच राग आला होता. मी म्हटलं, "आबा, आता हे तुमच्याच्यानं व्हायचं नाही. नवीन पोरं आलीत, त्यांना करू द्या. तुम्ही सोडून द्या." आई भाकरी उलटायची थांबली. तुम्ही माझ्याकडं बघितलंत, रागानं नाही, परीक्षेत गुण किती पडले ते ऐकावं तसं. म्हणालात, "बरं. मग अर्ज तूच लिहून दे." आणि नोकरी सोडायचा तो अर्ज मी जेवण झाल्यावर लगेच लिहून दिला. चांगल्या इंग्रजीत, एका पानात, कारण म्हणून गुडघेदुखी घालून. गुडघे माझ्या डोक्यातनं आले होते. आईनं ऐकलं तेव्हा ती म्हणाली, "गुडघं? रोज रूळ वलांडून उड्या मारत येतंय हे माणूस." तुम्ही सही केलीत.

क्वार्टर सोडावं लागलं. टेम्पोत सामान भरून तुम्ही आणि आई शिरूरजवळ चुलत्यांकडं राहायला गेलात. आपली मूळची मेंढरांमागं फिरणारी माणसं, आता चुलत्यांची बागाईत झालेली. तिथं तुम्हाला काही काम नव्हतं. शिरूरला रेल्वे नाही, हे मी तेव्हा लक्षातही घेतलं नाही. तीस वर्षं गाडीच्या शिटीवर जेवलेला, झोपलेला माणूस अशा ठिकाणी जाऊन बसला की जिथं रूळच नाहीत. एकदा भेटायला आले तेव्हा चुलते हसत म्हणाले, तुझा बाप रोज एसटी स्टँडवर जातो, बसच्या खाली वाकून बघतो. मी दुसऱ्या दिवशी तुमच्या मागोमाग गेले. तुम्ही डेपोच्या फाटकाशी उभे होता. एक बस आत वळली, तुम्ही दोन पावलं पुढं गेलात, कान दिलात आणि तिथल्या मेकॅनिकला म्हणालात, "मागल्या चाकाला हवा गळतीय बघा." त्यानं बघितलं, आणि मग तुम्हाला चहा सांगितला. मी पुढं न येता तशीच परत फिरले. तुम्हाला ते कधी कळलं नाही.

त्यानंतर मी इकडं आले आणि दोन वर्षांनी तुम्ही गेलात. मी पोचले तेव्हा राखही सावडून झाली होती. भेटायला आलेल्यांना मी सांगत होते की आबांनी गुडघ्यांमुळं लवकर नोकरी सोडली. आई आतल्या खोलीतून ऐकत होती. निघायच्या दिवशी तिनं ट्रंकेतून वही काढून माझ्या पिशवीत घातली. म्हणाली, तुझीच हाय, ने.

तुम्ही गेल्यावर मी इथल्या या कारखान्यात लागले, आणि पहिल्या आठवड्यात मला एक म्हातारा मेकॅनिक भेटला. तरुणपणी इटलीतून आलेला, इंग्रजी माझ्याहून मोडकं. जुन्या डब्यांच्या खाली तो मला घेऊन गेला आणि एका लोखंडी टाकीवर थाप मारून म्हणाला, सगळं इथं आहे. प्रत्येक डब्याखाली हवेची स्वतःची टाकी असते. मुख्य नळीतली हवा गेली की या टाकीतली साठवलेली हवा ब्रेक दाबते. आबा, आपल्या मोरीतल्या रांजणासारखं. नळाचं पाणी गेलं की रांजणातलं घ्यायचं, एवढंच ते. मी डब्याखाली उभी राहून रडले, आणि त्या बिचाऱ्याला वाटलं, डोळ्यात गंज गेला. पुढं नव्या गाड्या आल्या. त्यांत सगळं पडद्यावर दिसतं आणि त्याला ते वाचता येईना. एक दिवस तो माझ्या टेबलाशी आला, टोपी हातात घेऊन, तुमच्यासारखाच अवघडून. मी त्याच्यासाठी तीन महिने रोज जेवणाच्या सुट्टीत बसले. साध्या शब्दांत, मधे रेघ मारून, डावीकडं प्रश्न आणि उजवीकडं उत्तर. तो परीक्षा पास झाला. आता ती वही छापून सगळ्यांना देतात आणि माझं कौतुक करतात. ही पद्धत कुठं शिकलीस, विचारतात. मी काहीतरी सांगते.

तुमची वही मी गेल्या महिन्यात पूर्ण केली. सगळी उजवी बाजू लिहून काढली. शेवटच्या पानावर मात्र तुम्हीच दोन्ही बाजू लिहिल्या होत्या. डावीकडं, 'अडलं तर काय करावे?' उजवीकडं, 'पोरीला विचारणे.' तिथं मी पेन टेकवलं नाही. हे पत्र घडी घालून त्याच पानात ठेवणार आहे.

पण एक राहिलं. वेळ नव्हता असं मी तुम्हाला सांगितलं, आईला सांगितलं, आणि इतकी वर्षं स्वतःलाही सांगत आले. ते खरं नाही. तुम्ही वही दिलीत त्याच रविवारी, तुम्ही बाहेर गेल्यावर, मी ती उघडली होती. पहिलाच प्रश्न होता, 'नव्या ब्रेकात हवा गेल्यावर ब्रेक दाबतं कोण? पेला कुठं हाय?' मी तो चार वेळा वाचला. मला उत्तर येत नव्हतं, आबा. तेवढं सांगितलं असतं तर तुम्ही हसला असतात, पाट पुढं सरकवला असतात आणि म्हणाला असतात, बस, दोघं मिळून हुडकू. मी वही मिटली.