आरोपीची आई

अहो आई, परवा तुमच्या नातीचा फोन आला होता. तिच्या ऑफिसात जुन्या टीव्ही मालिकांचा विषय निघाला म्हणे, तर तिने मला विचारलं, "मम्मा, वॉज आजी फेमस?" मी नाही म्हटलं. ते खोटं नाही. पण फोन ठेवल्यापासून मला चैन नाही. उत्तर अर्धवट दिलं असं सारखं वाटतंय, आणि उरलेलं अर्धं तिला इंग्रजीत सांगायला मला जमणार नाही. म्हणून तुम्हालाच लिहायला बसले. तुमच्याशी बोलायचं म्हटलं की अजूनही माझा आवाज आपोआप खाली येतो. खरं तर तुम्ही मला रागावलात ते एकदाच.

तुम्ही टेक्सासमधल्या फ्रिस्कोहून, वन्संकडून, आमच्याकडे न्यू जर्सीत एडिसनला आलात ते न्यूयॉर्कचे टॉवर पडले त्या सप्टेंबरनंतरच्या महिन्यांत. बाळ लहान होतं. तुमच्या मुलाने गाडीच्या मागच्या काचेवर अमेरिकेचा झेंडा चिकटवला होता आणि मला बजावून ठेवलं होतं, की दुकानात मोठ्याने मराठी बोलायचं नाही. मी त्याच्या व्हिसावर आलेली बायको. पुण्यात कॉलेजात शिकवत होते, इथे मला साधी कॅशियरची नोकरी करायलाही परवानगी नव्हती. तुम्हाला मात्र लेकीमुळे ग्रीन कार्ड मिळालेलं. नागपूरच्या टेलिफोन एक्स्चेंजमधून रिटायर होऊन आलेल्या तुम्ही स्वयंपाकघरात कणीक मळता मळता म्हणायचात, "काय देश आहे बाप्पा! सासूला नोकरीची मुभा, सुनेला मनाई." मी हसायचे. मग रात्रभर मनात हिशेब चालायचे, याची नोकरी गेली तर, कागद अडले तर, कुणी आम्हाला विमानात बसवून परत पाठवलं तर.

त्यातच ओक ट्री रोडवरच्या मिठाईच्या दुकानात तुमचं ते भांडण झालं. ढोकळा कालचा आहे असं तुमचं म्हणणं, आजचाच आहे असं काउंटरवरच्या पोऱ्याचं. तुम्ही एक तुकडा उचलून सगळ्या रांगेला दाखवलात आणि एक्स्चेंजमधल्या त्या स्वच्छ, ठणठणीत आवाजात म्हणालात, "हा आजचा असेल तर मी पण आजचीच आहे." रांग हसली. मागे उभी असलेली एक गोरी बाई हसली नाही. तिने आम्हाला दाराशी गाठलं. मधुमेहाच्या औषधाच्या जाहिरातीसाठी ती भारतीय आजीच्या शोधात होती. तुम्ही तिला प्रामाणिकपणे सांगितलंत, "बट आय हॅव नो डायबिटीस." तिला मधुमेह नको होता, चेहरा हवा होता.

तिथून तुमची शूटिंगं सुरू झाली. मोटेलच्या काउंटरवरची बाई, बसस्टॉपवरची बाई, हॉस्पिटलच्या मालिकेत पेशंटची आई. शेवटी नावं धावायची त्यात तुमच्या नावापुढे 'बाई' किंवा 'आई' एवढंच लिहिलेलं असायचं, एकदा तर 'दुसरी बाई'. न्यायला-आणायला मीच. लायसन्स नवं, टर्नपाइकच्या हायवेवर दोन्ही बाजूंनी ट्रक, मागे कार सीटमध्ये बाळ. स्टिअरिंगवर माझे तळवे घामाने घसरायचे. तुम्ही शेजारी पिशवी मांडीवर घेऊन बसलेल्या, पिशवीत सेफ्टी पिना, चहाचा थर्मास आणि डब्यात चिवडा. "काहून एवढी घाबरतेस?" तुम्ही विचारायचात. मी म्हणायचे, तुम्हाला नाही घेतलं तर तुम्हाला वाईट वाटेल म्हणून. एकदा तुम्ही खिडकीबाहेर बघतच म्हणालात, "तुझी भीती तुझ्यापाशी ठेव. माझ्या पिशवीत जागा नाही."

मग ते आरोपीच्या आईचं काम आलं. गुन्ह्यांच्या मालिकेतला एक भाग. पोलीस पहाटे एका घरात शिरतात आणि मुलाला पकडून नेतात. मुलाने बॉम्ब ठेवलेला असतो. कुटुंब कुठल्या देशाचं ते कागदावर लिहिलेलंच नव्हतं. तुम्हाला डोक्यावरून काळी ओढणी दिली होती. तुम्ही ती आरशात बघून नीट केलीत, इस्त्री कुठे आहे विचारलंत. तुम्हाला वाक्यंही नव्हती. दिग्दर्शक एवढंच म्हणाला, मुलाला नेताना तुमच्या भाषेत ओरडा, काहीही चालेल. मी बाळाला कडेवर घेऊन वायरींच्या पलीकडे उभी होते आणि मनात म्हणत होते, देवा, या काहीतरी भलतंच बोलणार. पोलिसांनी त्या पोराला दाराकडे ढकललं. तुम्ही धावलात, एकाची बाही धरलीत आणि ओरडलात, "अहो, नेऊ नका हो त्याला! सकाळपासून उपाशी आहे माझं पोर. जेवून तरी जाऊ द्या त्याला!"

तिथे मराठी समजणारं माझ्याशिवाय कुणी नव्हतं. तरी बेड्या घातलेला तो नट मान वळवून तुमच्याकडे बघत राहिला, आणि त्याला पुढे चालायचं होतं तेच तो विसरला. दिग्दर्शकाने नंतर विचारलं, काय म्हणालात तुम्ही? "आय सेड, ही इज हंग्री," तुम्ही म्हणालात, आणि चहा ओतायला लागलात.

तो भाग टीव्हीवर लागला तेव्हा आपल्या लोकांचे फोनवर फोन. कुणी काकू रडत होत्या, कुणी काका म्हणत होते, वहिनी, हे असलं काम आपल्याला शोभतं का? तुमचा मुलगा टीव्ही बंद करून उभाच राहिला. "आई, तुला कळतंय का? माझं ग्रीन कार्ड अजून प्रोसेसमध्ये आहे. ऑफिसमध्ये लोक बघतात हे. टेररिस्टची आई झालीस तू."

"आईच झाले ना रे," तुम्ही म्हणालात. "तो कोण होता ते तिला कुठे माहीत होतं?"

मला दोघांचंही पटत होतं, आणि तेच वाईट होतं.

पुढे काही दिवसांनी सुपरमार्केटच्या पार्किंगमध्ये तो माणूस आला. मी सामान डिकीत ठेवून नुकतीच गाडीत बसले होते. टोपी घातलेला, तुमच्याच वयाचा असेल. वाकून काचेतून तुमच्याकडे बघायला लागला. "आय नो यू," तो म्हणाला. "यू आर दॅट बॉम्बर्स मदर." मी दारं लॉक केली. त्याने बॉनेटवर जोरात हात आपटला. मागे पोर किंचाळली. मला किल्ली फिरवता येईना, आणि तुम्ही, आई, तुम्ही काच खाली केलीत.

"सर, दॅट वॉज ॲक्टिंग."

"गो होम," तो ओरडला.

"येस, वी आर गोइंग होम. मिल्क विल स्पॉइल."

तो बघत राहिला आणि मी गाडी काढली. पहिल्या सिग्नलपर्यंत तुम्ही ताठ बसला होतात. मग म्हणालात, गाडी बाजूला घे. थर्मासचं झाकण तुमच्याने उघडेना. मी उघडून दिलं. "घरी याला सांगायचं नाही," तुम्ही म्हणालात. मी मान हलवली. पण घरात शिरताच पोरीने बाबाला सांगून टाकलं, "मॅन हिट अवर कार." त्याने विचारून विचारून सगळं काढून घेतलं आमच्याकडून. ओरडला नाही. तुमच्यासमोर खाली जमिनीवर बसला आणि म्हणाला, "आई, बस झालं आता. हात जोडतो." तुम्ही "बरं" म्हणालात. तेवढंच.

नंतरची दोन वर्षं तुम्ही भाज्या निवडल्या, पोरीला परवचा शिकवला, हळदीकुंकवांना गेलात. कामंही यायची थांबली. मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. पण तुम्ही संध्याकाळी खिडकीशी बसलात की मला जास्तच धास्ती वाटायची. मग एका सोमवारी स्वयंपाकघरातून तुमचा जुना एक्स्चेंजचा आवाज ऐकू आला, "हॅलो, गुड मॉर्निंग." त्या जाहिरातवाल्या बाईला तुम्ही फोन लावला होता. पुढच्या सोमवारी परत, त्याच्या पुढच्याही. शेवटी कंटाळून असेल, पण तिने तुमचं नाव एका मुलीला दिलं. ती आपला पहिलाच सिनेमा करत होती, हाताशी माणसं थोडी. मुलाला न सांगता बस पकडून समुद्र बघायला जाणाऱ्या म्हातारीचं काम. तिला नाव होतं. पहिल्यांदाच तुम्ही नुसत्या कुणाची तरी आई नव्हतात.

आणि त्याच हिवाळ्यात डॉक्टरांनी हृदयाच्या नळ्या बंद झाल्यात म्हणून सांगितलं. ऑपरेशन लवकर करा म्हणाले. तुम्ही त्यांच्यासमोरच म्हणालात, "समुद्राचं शूटिंग होऊ दे, मग काय कापायचं ते कापा." तुमचा मुलगा खोलीबाहेर निघून गेला. गाडीत मला म्हणाला, "तू तरी सांग ना यार तिला. तुझं ऐकेल." मी तोंड उघडलं ते नको म्हणायलाच. बाहेर पडलं, "मी नेईन त्यांना. गोळ्या माझ्याजवळ ठेवीन." कसं म्हटलं ते मला आजही कळत नाही. त्या आठवड्यात मला झोप लागली नाही.

किनाऱ्यावर बोचरा वारा होता. तुम्ही साडीवर जुना कोट घातलेला, पायात मोजे. मी कॅमेऱ्याच्या मागे जिभेखाली ठेवायच्या गोळीची बाटली मुठीत धरून उभी. तुम्ही पाण्याकडे चालत निघालात, थांबलात, आणि मधेच वाळूत खाली बसलात. छातीशी हात. मी पळाले. कुणीतरी मागून "नो, नो" ओरडत होतं, मी कॅमेऱ्यासमोरून धावत तुमच्यापर्यंत पोचले आणि तुमच्या तोंडात गोळी कोंबायला लागले. तुम्ही माझा हात झटकलात.

"अगं, बसायचंच होतं मला! तुला सगळीकडे माझं मरण दिसतं. काम दिसत नाही?"

सगळ्यांसमोर. शब्द कुणाला कळले नाहीत, पण सूर कळला. मी मागे फिरले. माझ्या पावलांनी वाळू खराब झाली म्हणून जागा बदलावी लागली, ऊन उतरलं, गारठा वाढला, आणि तुम्हाला तेच सगळं पुन्हा करावं लागलं. या वेळी मी बघितलं. गोळ्यांची बाटली खिशात टाकली आणि खरोखर तुमच्याकडे बघितलं. खाली बसताना त्या बाईला काय वाटत होतं ते मला दिसलं. तिला काही दुखत नव्हतं. इतक्या लांब येऊन पोचलो याचं तिला नवल वाटत होतं. येताना गाडीत तुम्ही तुमच्या कपातला अर्धा चहा मला दिलात.

ऑपरेशन चांगलं झालं. सिनेमा पुढच्या वर्षी न्यूयॉर्कच्या एका छोट्या थिएटरात चार-पाच दिवस चालला. आपण सगळे गेलो. तुम्ही समुद्राकडे चालत निघालात तसा तुमचा मुलगा खुर्चीत पुढे सरकून बसला, आणि तो प्रसंग संपला तरी मागे टेकला नाही. तुम्ही माझ्या कानात म्हणालात, "पदर नीट नव्हता बघ." नावं सुरू झाली, लोक कोट घालत उठले, तुम्ही मांडीवर पर्स धरून बसून राहिलात. मुलगा तुमचा कोट हातात घेऊन उभा होता. चला म्हणाला नाही.

त्याच सालच्या पानगळीत तुम्ही गेलात. हृदयाने नाही, मेंदूतल्या रक्तस्रावाने. एवढी वर्षं मी ज्याला भीत होते ते वेगळ्याच वाटेने आलं. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं अंत्यसंस्काराच्या ऑफिसात बसलो होतो. गडद सूटमधला तो माणूस फार हळू आवाजात विचारत होता. जन्मगाव, वडिलांचं नाव, शिक्षण. मग म्हणाला, "हर ऑक्युपेशन?" मृत्यूच्या दाखल्यावर इथे ते लिहितात, मला माहीत नव्हतं. तुमचा मुलगा म्हणाला, "टेलिफोन ऑपरेटर. रिटायर्ड." त्या माणसाने पेन टेकवलं.

"ॲक्ट्रेस," मी म्हटलं.

दोघांनीही माझ्याकडे बघितलं. त्या माणसाने पेन उचलून धरलं. तुमच्या मुलाचे डोळे लाल होते, मला वाटलं आता तो दुरुस्त करील, ओशाळून हसेल. तो टेबलाकडे बघत म्हणाला, "येस. टेलिव्हिजन अँड फिल्म." आणि मग मराठीत, कुणालाच उद्देशून नाही, "लिहा."

हे तुमच्या नातीला सांगायला हवं होतं. सांगेन कधीतरी. तुम्हाला मात्र हे पाठवता येत नाही, आणि येत असतं तरी मी पाठवलं नसतं. कारण मी तुमच्या बाजूने उभी राहिले असं तुम्ही समजाल, आणि ते तेवढं खरं नाही. त्या खोलीत मला वाटत होतं, इतकी वर्षं तुम्हाला नेता-आणता मीही या देशात काहीतरी केलं, आणि ते कुठल्यातरी कागदावर उमटलेलं मला बघायचं होतं.