तुझी चोंगी

माय, मला मूल का राहत नाही, ते डॉक्टरीणबाईंनी कागदावर चित्र काढून समजावलं. मुलीची सगळी बीजं ती आईच्या पोटात असतानाच तयार होतात. आईनं त्या दिवसांत धूर ओढला, तर ती कमी पडू शकतात. तुमच्या बाबतीत तेच झालं असं मात्र कोणी सांगू शकत नाही, असंही त्या म्हणाल्या. मग त्यांनी विचारलं, "तुमची आई ओढायची का?" मी "नाही" म्हणाले. शेजारी सासूबाई बसल्या होत्या. बाहेर येताच त्या म्हणाल्या, "नाई काऊन म्हणलं वो? तुही माय तं लग्नाच्या मांडवातबी चोंगी ओढून राह्यली होती. साऱ्या वरातीनं पाह्यलं."

आम्ही अहेरीच्या बसस्टँडकडे चालत निघालो. मला तुझे उन्हाळे आठवत होते. पहाटे जंगलात जाऊन तू तेंदूची पानं तोडून आणायचीस आणि दुपारभर अंगणात पुडे बांधत बसायचीस. फाटकं पान फळीवर, म्हणजे ठेकेदाराच्या खरेदी केंद्रावर, घेत नाहीत. तेच गुंडाळून, त्यात तंबाखू भरून तुझी चोंगी व्हायची. त्यातलीच एक दुपार: मी दहावीत आहे, पुस्तकातला तंबाखूवरचा धडा वाचून तुला विचारते आहे, "मी पोटात होती तवाबी ओढत होती काय?"

"ओढली न," तू म्हणतेस. "तुह्या आधीचा पोरगा मोठा होता, अडला. दोन दिवस बैलगाडीत कळा देल्या. तो गेला, मी कशीतरी वाचली. मंग सुईण म्हणे, धूर घे, लेकरू लहान राह्यते, सुटका होते. तू झाली तवा सुपात मावत होती." मी धडा पुढे करते, तर तू हसतेस. "त्या पुस्तकवाल्या बाईले म्हण, ये माह्या गाडीत बस."

ती चूक होती, माय. मी चूकच म्हणते. पण त्या गाडीत जे बसले नाहीत, त्यांनी तुझ्या नावानं बोट दाखवायचं नाही. लग्नाला नऊ वर्षं झाली, मी उलटून बोलले नव्हते. त्या दिवशी बसस्टँडवर बोलले. "ओढत होती. आम्ही दोघी जगाव्या म्हणून ओढत होती. माह्या घरात तिच्या नावानं हे पुन्हा निघणार नाई." सासूबाई म्हणाल्या, "बाप्पा, हिले तोंड फुटलं!" आणि सरकून मला बाकावर जागा दिली. पुढच्या खेपेला मी डॉक्टरीणबाईंना आपणहून "होय" लिहून घ्यायला लावलं, मान वर ठेवून.

तू होतीस तेव्हाही तुला वाचता येत नव्हतं, म्हणूनच एवढं लिहिते. पहिल्यांदा "नाही" म्हणाले ते तुझी लाज वाटली म्हणून नाही. ते चित्र पाहताना मलाही तुझा राग आला होता, आणि तो मला कोणाला दिसू द्यायचा नव्हता.